होऊ द्या

नांदेडला ज्यांच्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो, त्या घरमालकांना मी पहिल्याच दिवशी वेडसर ठरवून टाकलं होतं. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि ते खाली ओट्यावर ताट घेऊन बसले होते. मी शेगडी घेऊन समोरून गेले, तेव्हा म्हणाले, "या जेवायला." मी मान हलवली आणि जिना चढले. दुसऱ्या खेपेला माझ्या हातात कुकर आणि परात होती. "या जेवायला." मी हसले. तिसऱ्या खेपेला गादीचं एक टोक माझ्याकडं होतं, दुसरं हमालाकडं. ताट तसंच होतं, भाकरी मोडलेलीसुद्धा नव्हती. "या जेवायला," ते पुन्हा म्हणाले, आणि हमाल गादीच्या आडून ओरडला, "होऊ द्या आबा, होऊ द्या!"

तेव्हा कुठं त्यांनी भाकरी मोडली.

जिन्यात हमाल मला म्हणाला, "मॅडम, जबाब देत जा. न्हाईतर म्हातारं उपाशी बसतंय."

आमच्या भागात जेवायला बसलेला माणूस समोरून जाणाऱ्याला 'या जेवायला' म्हणतोच. एसटीत डबा उघडला तरी शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणायचं, आणि त्यानं 'होऊ द्या' म्हणायचं. बोलावणाऱ्याला तो येईल असं वाटत नसतं आणि त्याला यायचंही नसतं. माझं माहेर लातूरचं, सासर मुरुडचं. जन्मभर हे ऐकलं आणि म्हटलं. पण म्हणून झालं की आम्ही जेवायला लागतो, उत्तराकडं कान नसतो. आबा लागत नसत. जबाब आल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा त्यांचा कायदा होता.

कायद्याला कलमंही होती. जबाब तोंडानं यायला हवा, नुसती मान हलवलेली धरत नसत. सोबत जेवायला बसलेल्याचा जबाब चालत नसे, कारण तो तर आलेलाच. टीव्हीतल्या माणसाचा चालत नसे. 'होऊ द्या', 'चालू द्या', 'जेवा तुम्ही', 'झालं आमचं' यांतलं काहीही चाले. 'थँक यू' चालत नसे.

एकदा कसला तरी बंद होता. गल्लीत चिटपाखरू नाही. मी दुपारी खिडकीतून पाहिलं तर आबा ताट हातात घेऊन चौकाकडं निघाले होते. चौकात बंदोबस्ताचा एक पोलीस शिपाई झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. त्याच्याकडून जबाब घेऊन ते परत आले, ओट्यावर मांडी घातली आणि जेवले. वरणाच्या वाटीतला थेंब सांडला नव्हता.

दुसऱ्या एका वेळी ताटावर असताना त्यांना बँकेचा फोन आला. आबा फोन नेहमी स्पीकरवर टाकून हातभर लांब धरत, त्यामुळं सगळी गल्ली ऐके.

"सर, आपल्याला पर्सनल लोन हवं आहे का?"

"या जेवायला."

"थँक यू सर. सर, आपल्यासाठी खास ऑफर..."

"थँक यू न्हाई. होऊ द्या म्हणा."

"सर?"

"होऊ द्या म्हणा माय. भाकर वाळून राहिली."

ती पोरगी कुठल्या शहरात बसली होती कोण जाणे. ती म्हणाली, "होऊ द्या सर." आबांनी तिला सुखी राहण्याचा आशीर्वाद दिला आणि फोन बंद केला.

आयुष्यभर त्यांनी धान्याच्या मोंढ्यात तोलाईचं काम केलं होतं. काट्याशी उभं राहायचं, पोतं चढलं की वजन पुकारायचं. बायको जाऊन सहा-सात वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. भाकरी स्वतः थापत आणि चांगली थापत. पायऱ्या मोजल्या तरी 'लाभ, दोन, तीन' अशा मोजत, कारण धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. हातात वस्तू दिली की वजन सांगत. माझ्या ऑफिसच्या पिशवीला ते "सव्वादोन किलो, वर थोडं" म्हणाले होते. मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, काटा माझ्या टेबलावरच असतो. दुसऱ्या दिवशी पिशवी काट्यावर ठेवून पाहिली. दोन किलो तीनशे.

म्हणजे माणूस वेडसर नव्हता. पण त्यांच्या कायद्याचं खरं कलम मला फिल्टरवाला आला त्या दिवशी कळलं. घरोघर पाण्याचे फिल्टर विकणारा एक जण उन्हातून आला. आबा नुकते बसले होते. "या जेवायला," ते म्हणाले. त्या माणसानं नमुन्याचा फिल्टर भिंतीला टेकवला, नळावर हात धुतले आणि समोर येऊन बसला. आबांनी ताट उचलून त्याच्यापुढं ठेवलं. त्या दिवशी दोनच भाकऱ्या होत्या, त्यानं दोन्ही खाल्ल्या. आबा त्याला मीठ हवं का, चटणी हवी का विचारत होते. तो गेल्यावर ते गुळाचा खडा खाऊन पाणी प्यायले. मी जिन्यातून सगळं बघत होते.

"काका, ते नुसतं म्हणायचं असतं."

"नुसतं कसं काय? या म्हणलं म्हणजे या."

"कुणी येत नाही ना पण."

"ते न्हाई येत, हा त्यांचा मोठेपणा हाय. त्याच्या हिमतीवर आपण खोटं बोलायचं का बाई?"

मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले.

माझी बदली लातूरहून नांदेडला झाली तेव्हा मुक्ता चार वर्षांची होती. नवरा रेणापूरला शाळेत शिक्षक, तो शनिवारी संध्याकाळी येई आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाई. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं: "पोरगी मुरुडला आणून सोड. इथं अंगणवाडी हाय, दूध हाय, मी हाय. तू एकटी नोकरी करशील का लेकरू बघशील?" मी म्हटलं, दोन्ही करीन. नवरा म्हणाला, बघू. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ आईचं म्हणणं बरोबर आहे असा होतो. शेवटी ठरलं की मुक्ता नांदेडच्या शाळेत रुळली तर माझ्याजवळ राहील. नाही रुळली तर श्रावण लागला की सासूबाई येतील आणि घेऊन जातील. शाळा जूनमध्ये सुरू झाली. माझ्याकडं जेमतेम सहा आठवडे होते.

शाळा इंग्रजी होती आणि शाळेआधी शाळेचं पत्रक आलं. डब्याबद्दल एक अख्खं पान. सुका डबा द्यावा. पोळी-भाजी असावी. शुक्रवारी फळ. नूडल्स, चिप्स, चॉकलेट चालणार नाही. डब्यावर नाव असावं. मूल स्वतः उघडू शकेल असा डबा असावा. मी दोन कप्प्यांचा, अस्वलाचं चित्र असलेला डबा आणला आणि मुक्ताकडून वीस वेळा उघडून-लावून घेतला. पाळणाघरही बघून ठेवलं. तिथं ती दोनच दिवस गेली. तिसऱ्या दिवशी शाळेच्या रिक्षातून उतरली ती थेट आबांच्या ओट्यावर जाऊन बसली, आणि मग दुपारी एकपासून मी येईपर्यंत तिचा मुक्काम तिथंच. आबांनी आपली जेवणाची वेळ बारावरून दीडवर नेली. ऐंशीच्या घरातल्या माणसानं जेवणाची वेळ बदलणं किती मोठी गोष्ट आहे, हे मला तेव्हा कळलं नाही.

पहिल्याच आठवड्यात डायरीत शेरा आला: मुलीला एक ते दहा नीट येत नाहीत. घरी विचारलं तर ती पेन्सिली मांडून म्हणाली, "लाभ, टू, थ्री, फोर." हे मी एका संध्याकाळी दुरुस्त केलं. पुढच्या आठवड्यात दुसरा शेरा आला: मूल डबा खात नाही. तो दुरुस्त होईना.

खरं तर ते आधी आबांच्या लक्षात आलं होतं. रिक्षातून दप्तर उतरवून घेताना त्यांनी डबा हातात धरला आणि संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, डबा जसा गेला तसाच आला. मासाभर फरक न्हाई."

मी प्रयोगशाळेतली बाई. एका वेळी एक गोष्ट बदलायची आणि नोंद करायची. पोळी-भेंडी: परत. पोळीचा गूळ-तूप घालून लाडू: परत. धपाटे आणि दही दिलं तर दही गळून वहीवर गेलं, धपाटे परत. सुशीला दिला. सुशीला म्हणजे आमच्याकडचा भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता, मुक्ता दोन बश्या खाते. टीचर हैदराबादकडच्या होत्या, त्यांनी विचारलं, "व्हॉट इज इन युवर टिफिन?" ही म्हणाली, "सुशीला." टीचरनी पुढं विचारलं, ती कोण. सुशीलाही परत. दुपारी आबांकडं मात्र ही पोरगी कढीत कुस्करून भाकरी खायची, वर दाण्याची चटणी मागायची. म्हणजे भूक होती, दातही होते आणि डबाही उघडत होता.

"मुक्ता, शाळेत का खात नाहीस?"

"कुणी काही म्हणतच नाही."

"म्हणजे? तुझ्याशी कुणी बोलत नाही?"

"नाही ना. सगळे गप्प बसतात."

मला वाटलं, पोरीला मैत्रिणी नाहीत. टीचरनाही तेच वाटलं. आषाढ संपत आला तेव्हा त्यांनी मला बोलावलं आणि नीट, गोड शब्दांत सांगितलं की मुलगी अजून तयार नाही, डब्याच्या वेळी रडवेली होते, पुढच्या वर्षी आणा. मी घरी येऊन नवऱ्याला फोन केला नाही. केला असता तर तो 'बघू' म्हणाला असता.

त्या आठवड्यात शनिवारी मला अर्धा दिवस होता. दीडच्या सुमाराला मी स्कूटी गल्लीच्या तोंडाशी बंद करून ढकलत आणत होते. ओट्यावर आबा आणि मुक्ता समोरासमोर बसले होते. आबांपुढं ताट. मुक्तापुढं तो अस्वलाचा डबा, शाळेतून परत आलेला, उघडा. दोघांचे हात मांडीवर. दोघं गल्लीकडं बघत होते आणि गल्लीत कुणी नव्हतं.

"या जेवायला," मुक्ता मोकळ्या गल्लीला म्हणाली.

दोघं थांबले. चांगली दोन-तीन मिनिटं थांबले. पोळीवर माशी बसली, ती आबांनी हातानं उडवली. मग कोपऱ्यावरून सायकलवर एक दूधवाला आला.

"या जेवायला!" दोघं एकदम.

"होऊ द्या, होऊ द्या," दूधवाला न थांबता म्हणाला.

शिट्टी झाल्यासारखं दोघांनी एकदम घास उचलला.

मी तिथंच उभी राहिले. सहा आठवड्यांच्या माझ्या सगळ्या नोंदी डोळ्यांपुढून गेल्या. भेंडीचा दोष नव्हता, सुशीलाचाही नव्हता. माझी पोरगी रोज साडेदहाला तोंडावर बोट ठेवून बसलेल्या वर्गाला जेवायला बोलवत होती आणि जबाबाची वाट बघत वीस मिनिटं बसत होती.

मी स्कूटी स्टँडला लावली आणि जे बोलायचं ते बोलले. मी हळू बोलत नाही.

"काका, लेकरू दीड महिना शाळेत उपाशी आहे. तुमच्यामुळं."

त्यांचा घास ताटात उतरला. "माझ्यामुळं?"

"ती तिथं या जेवायला म्हणते आणि वाट बघते. तिथं कोण तिला होऊ द्या म्हणणार? टीचर हैदराबादच्या, पोरं चार-चार वर्षांची, बोलायची बंदी! शाळा म्हणते काढून न्या. सासूबाई आठ दिवसांत येऊन तिला घेऊन जातील. तुमच्या या नादापायी माझी पोरगी मुरुडला चालली."

मुक्ता म्हणाली, "आई, आबांना रागावू नको. मी सोमवारी मोठ्यानं म्हणते."

"मोठ्यानं नाही म्हणायचं. म्हणायचंच नाही. डबा उघडायचा आणि खायचा."

"मग ती चोरी होते."

"कोण म्हणतं?"

तिनं आबांकडं पाहिलं. आबांनी ताटाकडं पाहिलं.

"काका, तिला सांगा. शाळेत नाही म्हटलं तरी चालतं, एवढंच सांगा. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "कसं सांगू बाई? मला चालत न्हाई, अन् तिला चालतंय म्हणून सांगू? लेकराला कळतंय सगळं."

मी मुक्ताला उचललं आणि वर गेले. रविवारी मी खाली उतरले नाही, नवऱ्यालाही उतरू दिलं नाही. सोमवारी डबा भरताना एक युक्ती केली.

"मुक्ता, माझं आत्ताच होऊ द्या. हे शाळेत धर."

ती कीव केल्यासारखी माझ्याकडं बघत राहिली. "आई, मी अजून या म्हटलंच नाही."

सोमवारी अकराला शाळेतून फोन आला. तुमच्या ओळखीचे कोणी वृद्ध गृहस्थ शाळेच्या मागच्या भिंतीशी ओरडत होते, वॉचमननं धरून आणलंय, ताबडतोब या. मी मातीचे नमुने तसेच चाळणीवर ठेवून निघाले.

प्रिन्सिपॉल मॅडमच्या खोलीत आबा स्टुलावर बसले होते, टोपी गुडघ्यावर, धोतराला भिंतीचा चुना. दीड-दोन किलोमीटर चालत आले होते. शिशुवर्गाची खिडकी मागच्या नाल्याकडं उघडते आणि डब्याची घंटा किती वाजता होते, हे त्यांना मुक्ताच्या रोजच्या गप्पांतून माहीत असणार.

"हे तुमचे कोण?" मॅडमनी मला विचारलं.

"घरमालक."

"ते खिडकीखालून ओरडत होते. सगळी मुलं घाबरली. काय ओरडत होते, तेही कळत नाही."

"होऊ द्या म्हणत असतील."

"काय होऊ द्या?"

मी आबांकडं पाहिलं. ते म्हणाले, "लेकरानं आतून बोलावलं. मी बाहेरून जबाब दिला. एवढंच केलं बगा. वरडलो म्हणाल तर, नाला मोठा हाय, हळू म्हणून पोचत न्हाई."

तेवढ्यात टीचर आल्या. हातात अस्वलाचा डबा. मला म्हणाल्या, "मॅम, आज पूरा खाया उसने." डबा रिकामा होता. आबांनी हात पुढं केला, डबा घेतला, तळव्यावर तोलला आणि माझ्याकडं दिला.

मग मी सगळं सांगितलं. अशा गोष्टी ऑफिसात सांगताना फार बावळट वाटतात, पण सांगितल्या. प्रिन्सिपॉल मॅडम कपाळाला हात लावून ऐकत होत्या. म्हणाल्या, "पण रोज भिंतीपलीकडून कसं चालेल? आणि वर्गात मावशी असतात की. मावशींना माहीत नाही का हे?"

मावशी दाराशीच उभ्या होत्या. शिशुवर्गाच्या मदतनीस. नायगावकडच्या, पन्नाशीच्या, निळा युनिफॉर्म. त्यांना आत बोलावलं.

"माहीत हाय की मॅडम," त्या म्हणाल्या. "रोज म्हणती ती. माझ्याकडं बघून म्हणती."

"मग तुम्ही उत्तर का दिलं नाही?"

मावशींनी पदर सारखा केला. "वर्गात मराठी बोलायचं न्हाई म्हणून सांगितलंय ना मला. मी मान हालवते. रोज हालवते. पण तिला मान चालत न्हाई."

मला आबांचं कलम आठवलं आणि त्या बाईचं तोंड बघवेना. दीड महिना तिनं ते लेकरू उपाशी पाहिलं होतं, जिभेवर शब्द असून.

प्रिन्सिपॉल मॅडम समंजस होत्या, हे मी त्यांच्याबद्दल नेहमी सांगते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मावशी, साडेदहाला दोन शब्द. परवानगी आहे."

आबा उठले, टोपी घातली. मावशींपुढं थांबून म्हणाले, "दम लावून म्हणा. लेकराला ऐकू गेलं पायजे." त्यांच्याकडून तसं कबूल करून घेतलं आणि मगच गेटबाहेर पडले. मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून घरी आणलं. वाटेत मी माफी मागायला पाहिजे होती. मी म्हटलं, "घट्ट धरा." ते म्हणाले, "हाव."

दीड वाजायचा होता, पण मुक्ता येण्याची वाट न बघता त्यांनी त्या दिवशी ताट घेतलं. "या जेवायला," मला म्हणाले. मी पहिल्यांदाच तोंडानं, स्पष्ट, दोन्ही शब्द म्हटले आणि ऑफिसला गेले.

श्रावण लागला तशा सासूबाई आल्या. मुक्ताच्या कपड्यांसाठी मोकळी बॅग घेऊन आल्या होत्या. तीन दिवस राहिल्या, रोज दुपारी परत आलेला डबा स्वतः उघडून बघितला, एकदा बोटानं तळ पुसून पाहिला. चौथ्या दिवशी मोकळी बॅग घेऊन परत गेल्या. जाताना आबांना म्हणाल्या, "भाऊ, पोरीकडं लक्ष असू द्या." आबा जेवत होते. म्हणाले, "या जेवायला." सासूबाई म्हणाल्या, "होऊ द्या, होऊ द्या." मुरुडच्या बाईला शिकवावं लागत नाही.

दिवाळीपर्यंत शिशुवर्गातली सगळी पोरं घंटा झाली की 'या जेवायला' म्हणू लागली आणि सगळीच 'होऊ द्या' म्हणू लागली, असं मुक्तानं सांगितलं. मला वाटलं, आबा खूश होतील. ते म्हणाले, "समदेच बोलावून राहिले अन् समदेच जबाब देऊन राहिले. मग ये म्हणलं कुणाला?" त्यांना ते बिलकुल पटलं नव्हतं. मी म्हटलं, डबा रिकामा येतोय ना, पुरे.

पाच वर्षांनी माझी बदली परत लातूरला झाली. पुढं आणखी चार-पाच वर्षांनी आबा न्हाणीत पडले, पायात सळई घातली, आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. सातवा मजला. दार लावलेलं. गॅलरीतून खाली माणसं मुंगीएवढी दिसतात, हाक मारली तर पोचत नाही. हे मला आबांनी फोनवर सांगितलं. त्यांनी फोन का केला ते विचारलं, तर म्हणाले, "दीड वाजला. या जेवायला."

"होऊ द्या," मी म्हटलं. फोन कट.

दुसऱ्या दिवशी दीडला पुन्हा. मग रोजच. माझीही ती डब्याची सुट्टी. पाच-सात सेकंदांचं काम, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. एकदा मात्र जिल्ह्याचे साहेब आले होते, फोन टेबलाच्या खणात राहिला. साडेतीनला बघितला तर आबांचे चार कॉल. मी लगेच लावला.

"काका, जेवलात का?"

"न्हाई. बसून राहिलोय."

त्या दिवशी मी ठरवलं की याचा बंदोबस्त करायचा. माझ्या सुट्टीवर एका म्हाताऱ्या माणसाचं जेवण अवलंबून ठेवणं बरोबर नाही. संध्याकाळी त्यांच्या सुनेला फोन केला. ती घरूनच काम करते, पुण्यातच वाढलेली, मुलगी चांगली आहे. तिलाही कोडं पडलं होतं: बाबा रोज दीडला कुणाला तरी फोन करतात, दोन शब्द बोलून ठेवून देतात. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, तू त्यांच्याबरोबर जेवत नसशील तर तूच म्हण. तोंडानं म्हण, मान चालत नाही. तिनं लिहूनच घेतलं.

दुसऱ्या दिवशी दीडला फोन आला नाही. पावणेदोनलाही नाही. माझा डबा उघडा होता, मी जेवत नव्हते हे दोन वाजता माझ्या लक्षात आलं. मी सुनेला लावला. ती हसून म्हणाली, "जेवतायत की! मी म्हटलं होऊ द्या, लगेच जेवायला बसले. थँक यू हं काकू, किती सोपं होतं."

सोपंच होतं. मी फोन ठेवला आणि पोळी खाल्ली. मुक्ता आता नववीत आहे. तिला संध्याकाळी सांगितलं, तर म्हणाली, "आई, तुला कुणी सांगितलं होतं गं हुशारी करायला?"

महिनाभर दीड वाजता काही वाजलं नाही. मग एका रविवारी मी ओट्यावर कुरड्या वाळत घालत होते, तेव्हा फोन वाजला.

"सून बाजारात गेलीय," आबा म्हणाले. "या जेवायला."

जबाब जिभेवर आला होता. तो मी तिथंच धरला.

"काय केलंय आज?"

"काय करतात? पोळ्या. भाकर येत न्हाई तिला."

"आणि भाजी?"

"दोडका."

"पाय कसा आहे?"

"पायाचं काय विचारता, हाय जागेवर. मुक्ती कुठं हाय?"

"क्लासला गेलीय. तुमच्याकडं ऊन किती आहे?"

"बाई," आबा म्हणाले, "गार होऊन राहिलंय. म्हणा की आता."

"होऊ द्या," मी म्हटलं. फोन कट.